सासूबाईंच्या पुंगळ्या

१२ सप्टेंबर २०२०, शनिवार

ब्रिटने मला तिच्या आईच्या फाटकाशी उतरवलं आणि स्वतः गाडीतच बसून राहिली. तोंडावर मास्क, काच चार बोटं खाली. आई पायरीवर, लेक गाडीत, मध्ये मी दोन पिशव्या घेऊन उभा. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" एवढं बोलून ब्रिट मिझूला शहरात परत गेली. कोविडच्या वॉर्डात नर्स आहे ती, महिनोन्‌महिने एका भाड्याच्या खोलीत एकटी राहते. मी ज्या बारमध्ये स्वयंपाकी होतो त्याला वसंतापासून कुलूप आहे. तेव्हा असं ठरलं की मी हिवाळाभर सासूबाईंकडे राहायचं.

"मी तिथे करणार काय?" मी विचारलं होतं.

"ती सांगेल ते," ब्रिट म्हणाली.

सासूबाईंचं नाव वर्ला टॉर्गरसन. सत्तरीच्या पार गेलेल्या, ताठ, घोड्यावर बसल्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्या. या खोऱ्यात त्यांच्या नेमबाजीच्या गोष्टी लोक अजून सांगतात. मी मात्र त्यांना कधी पटलो नसावा. बोलताना त्या माझ्याकडे बघतच नाहीत, माझ्या कानापलीकडे भिंतीवर कुठेतरी बघतात. पूर्वी असं नव्हतं. दोन-तीन वर्षांत मी त्यांच्या मनातून पारच उतरलेला दिसतो.

"ब्यूटमध्ये वाढलास आणि कधी बंदूक धरली नाहीस?" जेवताना म्हणाल्या.

"आमचे वडील बारमध्येच शिकार करायचे."

हसल्या नाहीत. पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

१५ सप्टेंबर, मंगळवार

आज सामानाला गेलो. सासूबाईंच्या जुन्या पिकअपचा क्लच बिघडलाय, म्हणून त्यांनी ती चालवणं सोडलंय, असं त्या म्हणाल्या. मला तर ती लोण्यासारखी चालतेय असं वाटलं. बहुधा मी बिघाड ओळखण्याइतका हुशार नाही.

दुकानात काडतुसांची अख्खी भिंत रिकामी. एकही डबी नाही. शेजारचा लाईल अमुंडसन तिथेच कपाळाला हात लावून उभा होता. (शेजारचा म्हणजे टेकडीपलीकडचा. इथे त्याला शेजारीच म्हणतात.) "लोकांनी घाबरून सगळी उचलली," म्हणाला. "एल्कच्या मोसमात काय दगड मारायचे?" (एल्क म्हणजे इथलं सांबरासारखं मोठं हरीण.)

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "लाईल मूर्ख आहे. आयुष्यभर झाडलेल्या पुंगळ्या गवतात टाकून चालता झाला. त्यातल्या निम्म्या मीच उचलल्यात."

मग मला मागच्या शेडमध्ये नेलं. फळीवर कॉफीचे जुने डबे ओळीने. झाकण उघडलं तर आत झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या, काळ्या, हिरवट, मातीने माखलेल्या. काही त्यांच्या, काही माझ्या कैलासवासी सासऱ्यांच्या.

"पितळ मरत नाही," त्या म्हणाल्या. "घासायचं, तपासायचं, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर गोळी. दुकान बंद असलं म्हणून टॉर्गरसनांच्या घरात कधी मांस संपलेलं नाही."

मी फ्रीजर उघडून पाहिलेलं आहे. त्यात मटार आहेत. दोन वर्षं त्या शिकारीला गेल्या नाहीत. गुडघा म्हणतात. तशा जिन्यावरून माझ्याआधी उतरतात.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

शिकवणी सुरू. सगळं शेडच्या ओसरीवर. स्वयंपाकघरात एक पुंगळीसुद्धा आणायची नाही, कारण काजळीत शिसं असतं. हातमोजे घालायचे, काम करताना काही खायचं नाही, नंतर हात कोपरापर्यंत धुवायचे. हा नियम मला आवडला. मीही स्वयंपाकघरात असाच वागतो.

कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि थोडं लिंबूसत्त्व. त्यात पुंगळ्या टाकून बादली हलवायची. पाणी बघता बघता शाईसारखं होतं. मग स्वच्छ पाण्यातून काढून खिडकीच्या जुन्या जाळीवर पसरायच्या. पूर्ण वाळल्याशिवाय पुढचं काही नाही. आत थेंबभर पाणी राहिलं तर दारू सादळते, आणि ऐनवेळी एल्कसमोर फक्त 'टिक्' आवाज होतो.

"अमोनिया घातला तर लवकर चमकतील ना?" मी हुशारी दाखवली.

"चमकतील. आणि आतून कुजतील. मग तुझ्या गालाशी फुटतील."

आणखी हुशारी दाखवली नाही.

संध्याकाळी ब्रिटचा फोन. आई पेपर वाचते का, कॉफी कोण ओततं, औषधाच्या गोळ्या कोण काढतं, असलं काहीबाही विचारत बसली. मी म्हटलं, "तुझी आई ठणठणीत आहे. माझी चौकशी कर, माझे हात बघ, हातमोजे घालूनही कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे झालेत."

२३ सप्टेंबर, बुधवार

आज मी माती खाल्ली. पुंगळ्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकल्या आणि ब्रिटचा फोन आला. वॉर्डातला एक म्हातारा गेला होता, रोज तिला गाणं म्हणून दाखवायचा. ती रडत होती, मी ऐकत होतो. परत आलो तोवर बराच उशीर झाला होता.

सासूबाईंनी एक पुंगळी उचलली, अंगठ्याने चोळली आणि माझ्यापुढे धरली.

"रंग सांग."

ही बाई परीक्षाच घेते. मी म्हटलं, "सुंदर आहे. गुलाबी."

"गुलाबी म्हणजे पितळातलं जस्त निघून गेलं, उरलं नुसतं तांबं. फेकून दे. सगळ्या."

"सगळ्या?"

"तुझ्या हॉटेलात आंबलेलं दूध वाढायचास का?"

फेकल्या. जीव हळहळला. मग त्यांनी विचारलं, "फोनवर काय झालं होतं?" मी म्हाताऱ्याचं सांगितलं. त्यांनी रिकामी बादली उपडी घातली. मग म्हणाल्या, "तिचा फोन आला की बादलीतून पुंगळ्या आधी बाहेर काढ. फोन मात्र घे."

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

धुतलेल्या पुंगळ्या आम्ही थरथरणाऱ्या भांड्यात मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवल्या. बाहेर काढल्या तेव्हा लग्नातल्या भांड्यांसारख्या लखलखत होत्या. मला वाटलं, झालं. त्या म्हणाल्या, "आता खरं काम. चमकणारी पुंगळी चांगली असतेच असं नाही."

ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या. मूठभर पुंगळ्या ओंजळीत घेतल्या, डोळे मिटले आणि फासे खुळखुळवावेत तशा खुळखुळवल्या. थांबल्या. एक काढली, टाकली. पुन्हा खुळखुळवल्या. "हिच्यात बद्द आवाज येतोय. गळ्याला चीर आहे."

मी ती उन्हात धरून चष्मा लावून पाहिली. केसाएवढी चीर होती. कुणाला सांगूनही पटणार नाही.

मग टोक वाकवलेली एक तार घेतली. पुंगळीच्या आत घालून बुडाजवळून ओढायची. आतली भिंत तिथे झिजली असेल तर तार अडखळते. तशी पुंगळी झाडताना दोन तुकडे होते. सासूबाई हेही डोळे मिटून करतात. जिथे मी टॉर्च मारून, एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून झटापट करतो, तिथे त्या दूर डोंगराकडे तोंड करून तार फिरवतात आणि म्हणतात, "ठीक. ठीक. ही नको."

असं प्रभुत्व मी एकदाच पाहिलंय. आमच्या ब्यूटला एक बाई होती, पास्टीचं, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंजीचं, पीठ न बघता मळायची आणि पाणी कमी-जास्त झालं की बोटांना कळायचं. पण तीसुद्धा अधूनमधून बघायचीच.

ब्रिटला फोनवर सांगितलं, तुझी आई डोळे मिटून करते हे सगळं. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, "हो का," आणि मग विषय बदलला.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

जुन्या टोप्या काढल्या, नव्या बसवल्या. टोप्यांची एक डबी सासूबाईंनी कुठल्याशा पेटाऱ्यात जपून ठेवली होती, तसाच दारूचा एक न उघडलेला डबा. बारमध्ये काम केलेल्या माणसाने दारूला इतकं घाबरावं हे गमतीचं, पण घाबरलो.

"डब्यावरचं नाव वाच. मोठ्याने." वाचलं. "आता पुन्हा वाच. आकडा नीट." वाचला. मग पुस्तकातला तक्ता वाचायला लावला, तोही दोनदा. "मला ऐकून घ्यायची सवय आहे," म्हणाल्या. "डोळा चुकतो, कान चुकत नाही."

तराजू माझ्या हाती दिला. प्रत्येक पुंगळीत मोजून भरायचं, मग सगळ्या भोकं पाडलेल्या लाकडी पाटात उभ्या करून वरून दिवा धरायचा आणि आत डोकावायचं. सगळ्यांची पातळी सारखी हवी. एकीत जरी कमी-जास्त दिसली तरी ती रिकामी करून पुन्हा भरायची.

"तुम्हीही बघा ना एकदा," मी म्हटलं.

"शिकवणी घेणाऱ्याने सगळं केलं तर शिकणारा काय करणार?"

मला पटलं. आमचा पहिला शेफही असाच होता, चमच्याला हात लावायचा नाही.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

शेताच्या टोकाला कागद लावून नेम धरला. सासूबाई मागे उभ्या. पहिली गोळी कुठे गेली देव जाणे.

"डोळे मिटलेस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर डोंगराकडे बघत होतात."

"श्वास अडकलेला ऐकला. श्वास सोड, मग अर्ध्यावर थांब, मग बोट. चाप ओढू नकोस, पीळ. लिंबू पिळतोस तसं."

लिंबू मला पिळता येतं. चौथ्या वेळी कागदाच्या मधोमध. पुंगळी उडून गवतात पडली, मी उचलायला वाकलो, तेव्हा मागून हसल्याचा आवाज आला. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

१९ ऑक्टोबर, सोमवार

आज अक्षर वाईट येईल.

दुपारी मी लाकडं आणायला गेलो होतो. आलो तर सासूबाई शेडमध्ये कामाच्या मेजाशी बसलेल्या. पाटात पुंगळ्या उभ्या, सगळ्यांत दारू भरलेली. "तुझं थोडं काम हलकं केलं," म्हणाल्या. मी त्यांनीच शिकवल्याप्रमाणे दिवा धरून आत डोकावलो.

एकीत दारू काठापर्यंत. शेजारच्या एकीत तळाशी चिमूटभर. मेजावर सगळीकडे सांडलेली, त्यांच्या बाहीवरसुद्धा.

माझा तोल गेला. सासूबाईंवर मी कधी आवाज चढवला नव्हता. "हे काय केलंत! हे कुणी बंदुकीत घातलं असतं म्हणजे? मी घातलं असतं! तुम्हीच सांगता ना, एक दाणा इकडचा तिकडे नको, आणि तुम्हीच असा निष्काळजीपणा..."

त्यांनी हाताने चाचपून मेजाची कड धरली. मग म्हणाल्या, "नोलन, मला तराजूचा काटा दिसत नाही."

"मग चष्मा..."

"चष्म्याने होत नाही. बरोबर मधलं सगळं गेलंय. जिकडे बघते तिकडे धूर. कडेकडेने थोडं दिसतं. आता तुझा चेहरा बघायचा तर मला त्या खिळ्याकडे बघावं लागतं." माझ्या कानामागे भिंतीत एक खिळा होता. "तीन वर्षं झाली. मला वाटलं, एकदा, एकदाच जमतंय का बघावं."

मी स्टुलावर बसलो. क्लच, गुडघा, 'रंग सांग', दोनदा वाचायला लावलेलं लेबल, सगळं एकामागून एक डोक्यात येऊन आदळलं. आणि मी! मला वाटत होतं मी त्यांना आवडत नाही.

"ब्रिटला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "ती मला इथून काढेल. शहरात, चार भिंतींत, टीव्हीसमोर. जो मला दिसणारही नाही."

आम्ही दोघांनी मिळून सगळ्या पुंगळ्या रिकाम्या केल्या. सांडलेली दारू मी ओल्या फडक्याने पुसली. त्यांनी एकदाही मदत मागितली नाही, मीही विचारलं नाही.

२१ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस ब्रिटशी धड बोलता आलेलं नाही. बारा वर्षांत तिच्यापासून काही लपवलं नाही. न सांगणं म्हणजे फसवणं, आणि सांगणं म्हणजे या बाईच्या पायाखालून डोंगर काढून घेणं.

आज नाश्त्याच्या वेळी सांगून टाकलं. "वर्ला, मी ब्रिटशी खोटं बोलणार नाही. पण ही गोष्ट तुमची आहे. तुम्हीच सांगायची."

त्यांनी बिस्किटावर लोणी लावलं, अगदी कडेपर्यंत, एक कोपरा न सोडता. "एल्क होऊ दे," म्हणाल्या. "मग सांगते. रिकाम्या हाताने नाही सांगायची मी."

८ नोव्हेंबर, रविवार

मोसम सुरू होऊन पंधरवडा होत आला, आज जमलं.

उजाडताच निघालो. बर्फ घोट्याएवढा. सासूबाईंनी येणारच असं सांगितलं, मी विरोध केला नाही. माझ्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा धरून चालत होत्या, आणि वाट मात्र त्याच दाखवत होत्या. "आता डावीकडे आडवं झाड येईल." यायचं. "इथे ओढा आहे, दगड हलतो." हलायचा. मी डोळे असून तीनदा घसरलो. त्या एकदाही नाही.

कड्याखाली एका ओंडक्याआड बसलो. वारा तोंडावर. थंडीने माझे दात वाजायला लागले तर मला कोपर मारलं. बराच वेळ गेला. मग त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. मला काहीच दिसत नव्हतं.

"देवदारांच्या मागे," कुजबुजल्या. "दोन. नाही, तीन. पुढची मादी आहे, हलकं पाऊल टाकते."

मी वाट बघितली. आणि खरोखर झाडांतून एक मादी बाहेर आली, मागे आणखी दोन. मोठी, धुरकट अंगाची, नाकातून वाफ सोडत. आमच्या परवान्यावर मादीच होती. इतकी देखणी की माझं बोट हलेना.

"आडवी झाली?"

"नाही."

"मग थांब. घाई नको. तिला वाईट मरण देण्यापेक्षा आपण मटार खाऊ."

ती वळली. मी श्वास सोडला, अर्ध्यावर थांबलो, लिंबू पिळलं. आवाज कड्यावर आपटून परत आला. मादी थोडी पळाली, गुडघ्यांवर बसली आणि पडली.

"खाली बसली ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग बस. लगेच धावायचं नाही. तिला शांतपणे जाऊ दे."

मी रडत होतो. का ते मला सांगता येणार नाही. त्यांना दिसलं नसेल, पण ऐकू आलंच असणार, कारण त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या दिशेने धरला. नंतर जवळ गेल्यावर हातमोजा काढून मादीच्या मानेवर तळवा ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सुरी मला दे. हे काम मला आंधळेपणीही येतं." तो शब्द त्यांनी स्वतःहून पहिल्यांदाच वापरला. आणि आलंही. मी स्वयंपाकी असून एवढा सफाईदार हात कधी पाहिला नाही.

फोन केल्यावर लाईल घोडा घेऊन आला. मांस चढवताना म्हणाला, "काडतूस कुठून पैदा केलंत? माझ्याकडे तर दोनच उरलीत."

"यानं केलंय," सासूबाई म्हणाल्या.

"हा? हॉटेलवाला?"

"तुझ्या पुंगळ्या आण त्याच्याकडे. नीट बोललास तर घासून देईल."

११ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस नुसतं कापणं, गुंडाळणं, फ्रीजर भरणं. कंबरेचा काटा ढिला झालाय. बारच्या मालकाचा फोन आला, पुढच्या महिन्यात अर्ध्या खुर्च्यांवर सुरू करतोय, येशील का? मी म्हटलं, विचारून सांगतो. कुणाला विचारणार ते मात्र त्याला सांगितलं नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल थँक्सगिव्हिंगच्या सणाला ब्रिटला ड्यूटी होती, म्हणून आज आली. घरात येणार नव्हती. आम्ही अंगणात शेकोटी पेटवली, खुर्च्या लांब लांब ठेवल्या. मी एल्कच्या पास्ट्या केल्या होत्या. ब्रिट इतकी वाळली आहे, मास्कचे वळ गालांवर उमटलेत. तिला मिठीत घेता आलं नाही. एका हाताने खात दुसऱ्या हाताने मला नुसती खुणा करत राहिली, छान, छान.

सासूबाईंनी ताटली खाली ठेवली. हात मांडीवर. "ब्रिट, मला सांगायचंय. माझे डोळे गेलेत. बऱ्यापैकी गेलेत."

मी शेकोटीकडे बघत होतो. लाकूड तडकलं.

"ठाऊक आहे, आई," ब्रिट म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"गेल्या वर्षीच्या ईस्टरला तू माझ्या कोटाशी बोललीस. मी खिडकीपाशी उभी होते."

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांगितलंस?"

"तो काय सांगणार!" ब्रिट म्हणाली. "त्याला कळलंच नव्हतं. फोनवर मला सांगायचा, तुझी आई काय महान आहे, डोळे मिटून काम करते."

"मग मला का नाही सांगितलंस?" आता मीच चिडलो. "मी इथे आलो तेव्हाच सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तू तिला सांभाळायला लागला असतास. हात धरून जिना उतरवला असतास, मांस कापून भरवलं असतंस. आठवड्यात तिने तुला फाटकाबाहेर काढलं असतं." ब्रिटने मास्क वर केला, पण त्यामागे ती हसतेय हे डोळ्यांत दिसत होतं. "मला असा माणूस हवा होता ज्याला काहीएक येत नाही. म्हणजे तिला शिकवावंच लागेल."

सासूबाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, इतका की टेकडीपलीकडे लाईलचा कुत्रा भुंकायला लागला. ब्रिटही हसायला लागली, हसता हसता रडायला. शेकोटीच्या दोन बाजूंना दोघी, मध्ये एवढं अंतर, आणि दोघी एकच आवाज काढतायत.

"म्हणजे मला काढणार नाहीस?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"मी कोण काढणारी? नोलनला विचार. घर आता तो चालवतो."

दोघींची तोंडं माझ्याकडे. मी म्हटलं, बारच्या मालकाला मी सकाळीच नाही म्हणून सांगितलंय. आणि लाईल उद्या त्याच्या पुंगळ्यांचं पोतं घेऊन येतोय, त्याच्या मेव्हण्याचंही आहे, तेव्हा तसंही मला कुठे जाता येणार नाही.

"पोतं?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "गवतातल्या पुंगळ्या असणार. धुवायला पाणी दुप्पट तापव."

ब्रिटने दुसरी पास्टी मागितली. मी आत गेलो, तर चुलीवरच्या कढईत पास्टीबरोबरचा रस्सा खाली लागायला आला होता. वेळेवर पोहोचलो.